पाणीबाईंचा पियानो

करीम पाववाल्याला शीळ घातल्याबिगर सायकल मारता येत नसे. मागं कॅरिअरला पत्र्याची पेटी, पेटीत भट्टीतनं नुकतेच काढलेले पाव, आणि ओठांवर शीळ. राजारामपुरीत तेव्हा निम्मे प्लॉट मोकळेच होते, घाणेरीनं माजलेले. त्यामुळं शीळ लांबूनच ऐकू यायची आणि बायका ताटल्या घेऊन दारात येऊन उभ्या राहायच्या.

शीळ तमाशातली नव्हती, बोलपटातली नव्हती, उरुसातल्या कव्वालीतलीही नव्हती. ओझं घेऊन घाट चढणाऱ्या माणसासारखी ती हळूहळू वर जायची, एका वळणावर जराशी रेंगाळायची, आणखी वर चढायची आणि तिथंच थांबायची. पायरी संपावी पण जिना संपू नये, तशी. मग करीम पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

संस्थानच्या बँडात ढोल वाजवून पेन्शनीत निघालेले हंबीरराव एकदा त्याला म्हणाले, "अरं करीम, पुढचं काय पावाला लावून खाल्लंस व्हय?"

"पुढचं मला ठावंच न्हाई, हंबीरराव. मी ऐकलंय ते एवढंच."

आणि ते खरं होतं.

ते त्यानं ऐकलं होतं वळिवड्याला. लढाईच्या दिवसांत तिथं पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती. रशियानं घरांतून उचलून सायबेरियात नेऊन टाकलेली माणसं. तिथनं इराण, तिथनं जहाजानं हिंदुस्थान, असं करत करत बायका-पोरं कोल्हापूरच्या माळावर येऊन पडलेली. करीम तेव्हा मामाच्या बेकरीत होता आणि रोज सकाळी छावणीत पाव टाकायचा. पहिल्या दिवशी तो घरी येऊन मामाला म्हणाला, "मामू, माणसं गोरी हायत, पर सायब न्हाईत. आपल्यागत पाणी भरत्यात."

छावणीच्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता. तिथं एक मुलगी सकाळी शिकायला बसायची. बारीक, पिंगट वेण्यांची. शिकवणाऱ्या बाई तिला हाक मारायच्या 'बाशा'. मुलीचं नाव बादशा कसं, याचं करीमला हसू यायचं. तो पेटी उतरवायचा तेव्हा ती खिडकीशी येऊन पावाचा करपलेला कडक कोपरा मागायची. तिला तोच आवडायचा. हात पुढं केला की दिसायचं, उजव्या हाताला करंगळी नव्हती. नुसता गुळगुळीत खुंट. करीमनं एकदा खुणेनं विचारलं, तेव्हा ती छावणीत शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "ठंडी खा गई." जणू काही थंडी म्हणजे एखादं कुत्रं असावं.

ती वाजवायची तीच ही चाल. चढत चढत जायची आणि जिथं करंगळी लांब टाकावी लागायची तिथं अडायची. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच. बाई शेजारी उभ्या राहून तिची बोटं हातात घेऊन काही दाखवायच्या. करीम पाव मोजून देईस्तोवर हे चालायचं.

मग हॉलमधून आवाज यायचा थांबला. पंधरा दिवसांनी एका सकाळी बाई हॉलच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. हात मांडीवर उताणे पडलेले. आतड्याच्या तापानं मुलगी आदल्या दिवशी गेली होती. करीमनं एक करपलेला पाव हुडकला, बाईंच्या शेजारी ठेवला आणि सायकल घेऊन परत फिरला. परतीच्या वाटेवर कधीतरी त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय.

त्या बाईंचं नाव हालिना. त्यांच्या भाषेत बाईमाणसाला मानानं हाक मारताना नावाआधी 'पानी' म्हणतात, म्हणून छावणीत सगळे त्यांना 'पानी हालिना' म्हणत. कोल्हापूरकरांनी त्याचं 'पाणीबाई' केलं आणि त्यांनी ते बिनतक्रार घेतलं. अठ्ठेचाळीस साली छावणी मोडली, पोल लोक गाड्या भरभरून निघून गेले आणि त्यांच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. पाणीबाई मात्र गेल्या नाहीत. नवरा लढाईत कुठं गेला ते कळलं नव्हतं, आणि गाव होतं ते आता दुसऱ्याच देशात गेलं होतं. राजारामपुरीत चित्रकलेचे मास्तर नृसिंहअण्णा यांच्या मागच्या खोलीत त्या भाड्यानं राहू लागल्या आणि पोरींना इंग्रजी अन् विणकाम शिकवू लागल्या.

जाणाऱ्या लोकांनी पियानो त्यांना देऊन टाकला. खोलीत तो मावेना. करीमनं त्याच गल्लीत नुकतंच स्वतःचं हॉटेल काढलं होतं. मागं भट्टी, पुढं पाच टेबलं. पाणीबाई येऊन म्हणाल्या, "करीम, तुज्याकडे जागा आहे. ठेव. पण उघडू नको." झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या क्रॉसशेजारी अडकवली.

हॉटेलच्या भिंतीला पियानो उभा राहिला. वाळवी चढू नये म्हणून करीमनं त्याचे पाय रॉकेलच्या डब्यांत ठेवले. वर मेणकापड टाकून नानकटाईच्या आणि खारीच्या बरण्या मांडल्या. गिऱ्हाइकं त्याला 'मोठी पेटी' म्हणत आणि तिला टेकून चहा पीत.

त्याच वर्षी थंडीत करीमचं लग्न झालं. नजीरा चंदगडकडची, सहा महिने पावसात बुडालेल्या एका खेड्यातली. कोल्हापूर तिनं लग्नात पहिल्यांदा पाहिलं. वळिवड्याची छावणी तर ती यायच्या आधीच मोडलेली. कामाला वाघीण. पहाटे भट्टी पेटवायची, मैदा मळायची, बोलायची थोडं. आणि गाण्याच्या नावानं शंख. माहेरी लग्नात बायका गाणी म्हणायला बसल्या की तिला कोपरानं ढोसून गप्प करायच्या, कारण ती एकटी सगळ्यांचा सूर बिघडवायची. ही गोष्ट तिनंच करीमला हसत सांगितली होती.

उन्हाळ्यात एका दुपारी, हॉटेल रिकामं असताना, ती आतून आली आणि पियानोकडं बघत उभी राहिली.

"पेटीत कोणतरी हाय."

"उंदीर आसंल."

"उंदीर एकाच जाग्याव उड्या मारतोय व्हय? सारखा एकच आवाज येतोय. टण्. मग गप. मग परत टण्."

करीमनं कान लावला. बाहेर लिंबावर कावळा ओरडत होता, भट्टीतल्या विटा थंड होताना कडकडत होत्या. बाकी काही नाही.

"मला न्हाई काय ऐकू येत."

"आत्ता वाजलं की!" नजीरा म्हणाली आणि त्याच्याकडं बघत राहिली, हा माणूस चेष्टा करतोय का बहिरा झालाय म्हणून.

तिनं पुढं तो विषय काढणं सोडलं. पण दुपारची ती त्या खोलीत एकटी बसेना. तांदूळ निवडायचे असले तरी सूप घेऊन मागच्या दारात जाऊन बसे.

एकोणपन्नास सालच्या ऑक्टोबरात नृसिंहअण्णांच्या डोक्यात एक कल्पना आली. पाणीबाईंच्या देशातला एक फार मोठा संगीतकार, तरुणपणीच छातीच्या दुखण्यानं परदेशात गेलेला. त्याला जाऊन त्या महिन्यात शंभर वर्षं होत होती. पाणीबाई बोलता बोलता हे बोलून गेल्या होत्या. अण्णा म्हणाले, "मग आपण एक संध्याकाळ करू या ना! करीमच्या हॉटेलात. तुम्ही वाजवा, आम्ही ऐकतो. आम्हांला कळो न कळो."

पाणीबाई नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही नको म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी भर उन्हात स्वतःच हॉटेलात आल्या आणि गळ्यातली किल्ली काढली.

बरण्या उतरवल्या, मेणकापड काढलं. कुलूप गंजलं होतं, करीमनं गोडेतेल सोडलं तेव्हा फिरलं. झाकण वर झालं आणि तिघंही आत बघू लागली: करीम, अण्णा आणि बाई. वर्षभर फटींतून आत झिरपलेली धूळ, भट्टीची राख, मैद्याची पूड, सगळ्या पट्ट्यांवर एकसारखा करडा थर बसलेला. फक्त मधोमधच्या जराशी उजवीकडची एक पांढरी पट्टी लख्ख होती. रोज कुणीतरी बोट ठेवून पुसावी तशी.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

पाणीबाईंनी ती पट्टी दाबली. टण्. स्वच्छ, जरा उदास सूर. आतल्या दारात नजीरा उभी होती. ती म्हणाली, "हाच." आणि आत निघून गेली.

पाणीबाईंनी फडकं मागितलं आणि त्या बाकीच्या पट्ट्या पुसू लागल्या. करीमला मात्र म्हणावंसं वाटलं, बाई, राहू दे हे. पण अण्णांनी गल्लीभर आमंत्रणं दिली होती.

ठरल्या दिवशी दिवस कलायला लागला तशी माणसं आली. दहाबारा असतील. अण्णा, त्यांची बायको ताई, मांडीवर त्यांची छोटी नंदिनी, हंबीरराव फेटा बांधून आलेले, शेजारपाजारचे. टेबलं भिंतीला सारली होती. दारातून तिरपं ऊन येऊन पियानोच्या पायांशी, त्या रॉकेलच्या डब्यांवर पडलं होतं. पाहुण्यांना नंतर गरम खारी द्यायची म्हणून नजीरा आतल्या खोलीत, पडद्यामागं, फळीवर मैदा पसरून लाटायला बसली होती. करीम पडद्यापाशी किटली घेऊन उभा.

पाणीबाईंनी अंगात काळा झगा घातला होता. कोपरांवर रफू केलेला. त्यांनी कुणाकडं न बघता सुरुवात केली.

पहिल्यांदा त्यांच्याकडचे खेड्यातले नाच वाजवले. हंबीरराव मांडीवर ठेका धरायला गेले, ठेका निसटला, पुन्हा धरला, पुन्हा निसटला. "बेरकी हाय ह्यो गडी," ते कौतुकानं पुटपुटले. मग एक पावसासारखं काहीतरी वाजवलं, एकच सूर खाली थेंब थेंब पडत राहणारा. ताईंनी नंदिनीला छातीशी धरलं. वर्षभर मुकी राहिलेली ती पेटी अशी बोलू लागली की माणसं चहाचे कप खाली ठेवायला विसरली.

ऊन डब्यांवरून सरकून भिंतीवर चढलं. पाणीबाई थोडं थांबल्या. बोटं चोळली. आणि मग ती चाल सुरू केली.

करीमनं ओळखलं ती दुसऱ्याच सुराला. इतके दिवस त्याच्या शिळेत होतं ते म्हणजे निव्वळ हाडं होती. इथं त्याला रक्तमांस होतं, खाली डाव्या हाताची संथ लाट होती. चाल घाट चढू लागली. वळणावर रेंगाळली. आणखी वर गेली. करीमनं किटली घट्ट धरली, कारण आता ती जागा येणार होती.

ती जागा आली आणि पाणीबाईंचे हात थांबले.

हवेतच. बोटं पट्ट्यांपासून चार अंगुळं वर. त्यांची पाठ ताठ झाली होती. मुलगी गेल्यापासून त्यांनी ही चाल वाजवलीच नव्हती. इथपर्यंत आल्या आणि पुढं जाववेना. रस्त्यावरून एक टांगा गेला, त्याचे घुंगरू लांब जाऊन विरले.

आणि मग पुढचं ऐकू आलं.

पडद्यामागून. गुणगुणणं होतं ते, ओठ मिटून केलेलं. चाल जिथं तुटली होती तिथूनच, पुढच्याच सुरापासून. टण् वाजणाऱ्या त्या पट्टीच्या सुरापासून. मग तिथून खाली उतरणारी एक लांब ओळ, घाटमाथ्यावरून पलीकडचं खोरं दिसावं तशी. कुठंही न चुकता.

पाणीबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. हात खाली आले. आवाजाच्या मागोमाग, अंधारात कुणाचा तरी पदर धरून चालावं तशा त्या वाजवत गेल्या. आवाज पुढं, पियानो मागं. शेवटच्या सुरापर्यंत.

माणसांना वाटलं हे असंच ठरवलेलं असणार. टाळ्या पडल्या. हंबीरराव म्हणाले, "वा! आत कुणाला बशीवलंय, करीम? बाई मोठी तयार हाय की!"

करीमनं पडदा बाजूला केला.

नजीरा फळीपाशी बसली होती. तोंड मिटलेलं. डोळे समोरच्या भिंतीवर. दोन्ही हात फळीवरच्या मैद्यात होते आणि बोटं अजून हलत होती, अगदी हळू. लाटणं बाजूला घरंगळलेलं. करीमनं तिचं नाव घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा ती दचकली.

"काय झालं? थांबला का पियानो? का सुरूच व्हायचा हाय अजून?"

"तू काय म्हनत हुतीस?"

"मी? मी कुटं काय म्हनतीय?" तिनं हाताकडं बघितलं. "अगं बाई, पीठ सगळं इस्कटलंय."

करीमच्या खांद्यावरून पाणीबाई बघत होत्या. त्या पुढं आल्या, फळीपाशी वाकल्या. मैद्यात बोटांच्या खुणा होत्या, एकावर एक पडलेल्या, पण कडेच्या स्पष्ट. डाव्या बाजूला पाच पाच बोटांच्या. उजव्या बाजूला चारच. जिथं करंगळी पडायची तिथं अनामिका लांबवून टाकलेली, आणि ती ज्या बाजूनं आली त्या बाजूला पिठात तिरकी रेघ.

पाणीबाईंचा चेहरा पिठासारखा झाला. त्या नजीराला म्हणाल्या, "हात धू."

"अं?"

"हात धू. आत्ता. लवकर धू." आणि स्वतःच तांब्या घेऊन तिच्या हातांवर पाणी ओतू लागल्या. नजीरा बावचळून हात चोळत राहिली. पाणीबाईंनी ओल्या फडक्यानं फळी पुसली. दोनदा पुसली.

त्या संध्याकाळी खारी कुणाला मिळाली नाही. माणसं चहा पिऊन, वाहवा करत घरी गेली.

अण्णाही गेल्यावर पाणीबाईंनी करीमला सांगितलं. बाशाच्या हाताला करंगळी नव्हती म्हणून त्यांनी त्या जागेसाठी शेवटी बोटांची वेगळी ठेवण बसवली होती. जगात दुसरं कुणीही तिथं अनामिका तशी ओढून टाकत नाही. ज्या दिवशी ती मुलीला दाखवली त्याच रात्री तिला ताप भरला. मुलीनं पुढचा भाग कधी वाजवलाच नाही.

"मग नजीरानं..." करीम म्हणाला.

"मला माहीत नाही," पाणीबाई म्हणाल्या. "मला विचारू नको, करीम."

दुसऱ्या दिवशी सकाळी करीम पाव घेऊन निघाला. गल्लीच्या तोंडाशी सवयीनं ओठ पुढं काढले, तर नुसती हवा निघाली. शीळ येत होती. दुसरं काहीही वाजवता येत होतं. ती चाल मात्र गेली होती. पहिला सूर कुठला, तेच आठवेना. घरात ठेवलेली वस्तू कुणीतरी न सांगता परत घेऊन जावी, तसं.

खरी गोष्ट पुढच्या रविवारी कळली. पाणीबाई आपण होऊन आल्या आणि वाजवायला बसल्या. हॉटेलात दोन गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत थांबली. नजीरा आतून चहा घेऊन आली, पियानोवर कप ठेवला आणि थोडा वेळ बाईंच्या बोटांकडं बघत राहिली.

"वाजवा की आता," ती म्हणाली.

पाणीबाई वाजवत होत्या. चांगल्या जोरात वाजवत होत्या.

"नजीरा," करीम म्हणाला, "त्या वाजवतातच हायत."

"वाजवतात कुटं? बोटं नुसती फिरतात." ती हसली, मग करीमचा चेहरा बघून तिचं हसू गेलं. तिनं पियानोला कान लावला. "पट्ट्या खाली-वर हुतात. आवाज न्हाई." बाहेर सायकलची घंटी वाजली तेव्हा ती वळली, भट्टीत लाकूड तडकलं तेही तिला ऐकू आलं. करीमचा घाबरा श्वास तिला ऐकू येत होता. पियानो तेवढा येत नव्हता.

करीमनं तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी कानांत नळी घालून बघितलं, घड्याळाची टिकटिक ऐकवली, लांबून कुजबुजून बघितलं आणि म्हणाले, कान लाख मोलाचे आहेत. करीमनं दर्ग्यात नेलं, ताईत बांधला. ताईंनी जोतिबाचा गुलाल आणून दिला, तोही तिच्या कपाळाला लावला. काहीच फरक पडला नाही. अण्णांनी शेजारच्या घरातली पायपेटी वाजवून बघितली. ती तिला ऐकू आली, आणि आवडली नाही. फक्त तो एक पियानो.

करीम धसकला. "बाई, तेवढी पेटी घेऊन जावा," तो पाणीबाईंना म्हणाला, "माझ्या बायकोवर कायतरी हाय तिचं."

पाणीबाई मान हलवून बरं म्हणाल्या. पण नजीरा मध्ये पडली.

"काय न्हाई माझ्यावर," ती म्हणाली. "माझं डोस्कं दुखत न्हाई, झोप लागती, भाकरी गोड लागती. आदी मला भ्या वाटत हुतं तिचं, आता वाटत न्हाई. राहू दे." बाशाची गोष्ट करीमनं तिला सांगितली होती. बाईंकडं वळून तिनं पहिल्यांदाच विचारलं, "ती पोरगी हाय कुटं?"

तेव्हा पाणीबाई तिला ख्रिस्ती कबरस्तानात घेऊन गेल्या. करीमही गेला, दोन पावलं मागं राहून. वाटेत त्याला सारखं वाटत होतं, आता काहीतरी होणार. हिला रस्ता आपोआप ठाऊक असेल, ही त्या कबरीपाशी जाऊन कोसळेल. असलं काही झालं नाही. नजीरा नेमकी ती कबर ओलांडून पुढं गेली आणि पाणीबाईंनी तिला परत बोलावलं. साधा दगड, वर क्रॉस, परक्या लिपीतलं नाव. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं.

"किती वर्सांची हुती?"

"बारा."

"आई?"

"आई रस्त्यात गेली. इराणमध्ये."

नजीरानं पदर खोचला, खाली बसली आणि गवत उपटायला लागली. करीम मदतीला पुढं झाला, तिनं त्याला हटकलं नाही नि बोलावलंही नाही. मग तोही बसला आणि दुसऱ्या बाजूनं उपटू लागला. पाणीबाई उभ्याच होत्या. निम्मं गवत निघाल्यावर त्या नजीराला म्हणाल्या, "तुला ऐकू येत नाही ते बरं. मला आता दुसरं काही ऐकूच येत नाही."

त्यांनी तसं का म्हटलं ते करीमला पुढं दीड वर्षानं उमगलं. पाणीबाई वाळत चालल्या होत्या. रस्त्यात चालताना मध्येच थांबायच्या, मान तिरपी करायच्या. पोरींना शिकवताना बोलणं तोडून खिडकीकडं बघायच्या. अण्णांनी विचारलं तर म्हणाल्या, "कुणीतरी सराव करतं. चांगला करतं. आता अडत नाही." बावन्न साली इंग्लंडमधल्या त्यांच्या लोकांनी त्यांना बोलावून घेतलं. स्टेशनवर पोचवायला करीम, नजीरा आणि अण्णांच्या घरची माणसं गेली होती. गाडीच्या खिडकीतून त्यांनी किल्ली नजीराच्या हातात दिली.

"मला आणि कशाला?" नजीरा म्हणाली. "मला कुटं ऐकू येतंय?"

"म्हणूनच," पाणीबाई म्हणाल्या.

त्यांचं एकच कार्ड आलं, तिथं पोचल्याचं. मग काही कळलं नाही.

कबरीचं गवत मात्र कधी गुडघ्याएवढं झालं नाही. पावसाळा सरला की नजीरा खुरपं घेऊन जायची, दगड धुवायची. करीम बरोबर असायचा. आसपासच्या कबरींत आणखी तसलीच नावं होती, ज्यांचं इथं कुणी उरलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिनं एकच साफ केली, दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोन, मग रांगच. लोक म्हणत, मुसलमानाची बाई किरिस्तावांच्या कबरी का धुते? ती म्हणे, "त्यांच्या आया लांब हायत म्हणून."

छप्पन साली नृसिंहअण्णांची नंदिनी आठ-नऊ वर्षांची झाली आणि पियानो शिकायचा म्हणून हट्ट धरून बसली. मिशनच्या शाळेत वाजवणाऱ्या एक ख्रिस्ती बाई आठवड्यातून एकदा शिकवायला तयार झाल्या. ज्या पट्टीवर धूळ बसत नव्हती ती करीमनं रोज गुपचूप बघितली होती. आता तिच्यावरही बाकीच्यांसारखीच धूळ बसत होती. तरी त्यानं नजीराला विचारलं, "काय करायचं?"

"पोरीला वाजवायचंय न्हवं? मग वाजवू दे की. मला ऐकू येत न्हाई म्हणून तिचं तोंड बांधायचं काय?"

नंदिनी सारेगम म्हणावेत तसे साधे सूर खाली-वर वाजवू लागली. दुपारच्या वेळी, हॉटेल मोकळं असताना. नजीरा समोरच्या टेबलावर वाटाणे सोलत बसायची, तिच्या बोटांवर डोळे ठेवून. करीम गल्ल्यावरून दोघींकडं बघायचा. पहिल्या पहिल्यांदा प्रत्येक सुराला त्याचं काळीज हलायचं. मग कमी झालं. पण पुरतं कधी गेलं नाही. नंदिनी वाजवायची थांबली की तोही पैसे मोजणारा हात थांबवून पडद्याकडं बघायचा, तिकडून काही येतंय का.

एकदा त्यानं नजीराला विचारलंच, "खरंच काय ऐकू येत न्हाई तुला? जरासुद्धा?"

"न्हाई."

"मग रोज बसतीस का हितं?"

नजीरानं शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले. नंदिनीची बोटं एका जागी घुटमळली होती, पोरीनं ओठ चावला होता आणि दारात उभ्या असलेल्या अण्णांच्या कपाळावर आठी पडली होती.

"आता चुकली बघा," नजीरा म्हणाली. "बोटाकडं बघून कळतं. मास्तरांच्या तोंडाकडं बघून तर जास्तच कळतं." आणि नंदिनीला म्हणाली, "परत कर ग बाय, पयल्यापास्नं. कोण घाई करतंय तुला?"